देवयानीचा फोटो आणि निवडणाऱ्या बायका

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)



आज एका फोटोची गोष्ट ऐकू या. हा फोटो तुम्ही पाहिलेला असेल. मुलांच्या पुस्तकात, एखाद्या कॅलेंडरवर, नाहीतर मोबाईलच्या पडद्यावर. काळ्या आभाळात तिरकी धरलेली एक मोठी थाळी, मधोमध पिवळट उजेड, कडेनं निळसर वळसे. तिचं नाव देवयानी दीर्घिका. दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा मेळा. आपला सूर्य ज्या मेळ्यात आहे त्याला आपण आकाशगंगा म्हणतो. देवयानी ही आपली सर्वांत जवळची मोठी शेजारीण. जवळची म्हणजे किती? तिचा उजेड आपल्यापर्यंत यायला सुमारे २५ लाख वर्षं लागतात!

आता गंमत बघा. ही देवयानी नुसत्या डोळ्यांनीही दिसते. आपल्या बुलढाण्यातल्या एखाद्या शिवारातून, अमावस्येच्या रात्री, आभाळ स्वच्छ असेल तर नक्की दिसते. पण कशी? एक फिकट, लांबट, पांढुरका ठिपका. पाटीवरचं खडूचं अक्षर बोटानं पुसल्यावर जो डाग उरतो ना, तसा. त्यात रंग नाही, वळसे नाहीत, थाळी नाही.

मग फोटोतले वळसे आले कुठून? कुणी रंगवले का? नाही. ते तिथं आहेतच. पण इतके फिकट, की डोळ्यांना पकडता येत नाहीत. तो उजेड साठवावा लागतो, त्यातला कचरा काढावा लागतो, निवडावं आणि पाखडावं लागतं. तेव्हा कुठे ते चित्र वर येतं. हे निवडणं माणूस कसा शिकला, आणि ते कुणाच्या हातांनी झालं, हा आजचा विषय. सुपात धान्य घेऊन बसणाऱ्या बाईला ही गोष्ट लवकर समजेल, असं मला वाटतं.

दिसणं वेगळं, कळणं वेगळं

आपल्या जिल्ह्यातलंच उदाहरण घेऊ. लोणारचं विवर. जवळजवळ पावणेदोन किलोमीटर रुंद खड्डा, त्यात खारं पाणी, काठावर जुनी मंदिरं. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी ते पाहिलं. कुणी म्हणालं, लवणासुराची जागा. १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं त्याची नोंद केली. पुढे दीडशे वर्षं अनेक जाणकारांना वाटायचं की हे ज्वालामुखीचं तोंड आहे. तिथले दगड, काचेसारखे वितळलेले कण नीट तपासले गेले तेव्हा, १९७० नंतरच्या काळात, पक्कं झालं की आभाळातून आलेला दगड आपटून हा खड्डा झालाय. खड्डा सगळ्यांना दिसत होता. कळला मात्र बारीक निवडल्यावर.

देवयानीचंही तसंच झालं. सन ९६४ च्या सुमारास इराणमधल्या अल् सूफी नावाच्या विद्वानानं आपल्या ग्रंथात तिची 'लहानसा ढग' अशी नोंद केली. १६१२ साली जर्मनीत मारियस नावाच्या माणसानं दुर्बिणीतून पाहिलं. त्याला ती शिंगाच्या पातळ पापुद्र्यामागे मेणबत्ती लावल्यासारखी वाटली. म्हणजे दुर्बीण आली तरी ढग तो ढगच राहिला.

आपण मराठीत या भागातल्या तारकासमूहांना महाभारतातली नावं दिली आहेत. देवयानी, शर्मिष्ठा, ययाती, वृषपर्वा, सगळी मंडळी उत्तरेच्या आभाळात शेजारी शेजारी आहेत. राजकन्या शर्मिष्ठेनं देवयानीला विहिरीत ढकललं, ययातीनं हात धरून बाहेर काढलं, आणि पुढे शर्मिष्ठेला दासी म्हणून राहावं लागलं, ही कथा तुम्हाला ठाऊक आहे. एक राणी, एक दासी. आपल्या गोष्टीतही पुढे एक मोलकरीण येणार आहे.

भावाच्या दुर्बिणीपाशी बसलेली बहीण

फोटो यायच्या आधी डोळा, हात आणि कागद एवढंच साधन होतं. त्या काळातली एक बाई म्हणजे कॅरोलाइन हर्शेल. जन्म १७५० चा, जर्मनीतल्या हॅनोवरचा. लहानपणी मोठा ताप आला आणि तिची वाढ खुंटली. उंची सव्वाचार फुटांच्या आसपासच राहिली. घरच्यांनी ठरवलं, हिचं लग्न होणार नाही, ही घरकाम करील. तिचा भाऊ विल्यम इंग्लंडमध्ये संगीत शिकवायचा. १७७२ मध्ये त्यानं तिला आपल्याकडे नेलं. भावाला दुर्बिणी करायचा नाद लागला. आरसा घासताना त्याला तासन्‌तास हात थांबवता यायचा नाही, तेव्हा ही त्याच्या तोंडात घास भरवायची. रात्री तो दुर्बिणीला डोळा लावून जे दिसेल ते सांगायचा, आणि ती घड्याळ बघून लिहून घ्यायची. दिवसा ती सगळी टिपणं सारखी करून याद्या बनवायची.

भावानं तिला एक छोटी दुर्बीण दिली. १७८३ मध्ये तिनं स्वतः त्या दुर्बिणीतून दक्षिणेकडच्या आभाळात एक फिकट डाग शोधला. आज आपल्याला माहीत आहे की ती आभाळातल्या सगळ्यांत तेजस्वी दीर्घिकांपैकी एक आहे, शिल्पकार तारकासमूहातली. देवयानीजवळची एक छोटी सोबतीण दीर्घिकाही तिनं त्याच वर्षी टिपली. १७८७ पासून इंग्लंडच्या राजानं तिला वर्षाला ५० पौंड पगार सुरू केला, भावाची मदतनीस म्हणून. विज्ञानाच्या कामासाठी पगार मिळवणाऱ्या पहिल्या बायकांमध्ये तिचं नाव घेतात. घरकामाला म्हणून आणलेली मुलगी ती.

काचेवर साठलेला उजेड

मग फोटो आला, आणि आभाळ बघण्याची रीतच बदलली. आपला डोळा उजेड साठवत नाही. आत्ता जो आला तो पाहतो आणि पुढे जातो. पण औषध लावलेली काच दुर्बिणीच्या मागे ठेवली, तर ती तासभर, दोन तास, चार तास उजेड गोळा करत राहते. रांजणात थेंब थेंब पाणी साठावं तसा. शेवटी डोळ्याला कधीच न दिसलेलं काचेवर उमटतं.

१८८८ च्या डिसेंबरात इंग्लंडमधल्या आयझॅक रॉबर्ट्स नावाच्या हौशी माणसानं २० इंची आरशाच्या दुर्बिणीनं देवयानीचा असा फोटो घेतला. काच धुऊन पाहिली, तर ढगात वळसे होते. हजार वर्षं 'ढग' म्हणून नोंदलेल्या गोष्टीला आकार होता.

आणि बरं का, त्याच १८८८ साली आपल्या पुण्यात, विज्ञान महाविद्यालयात, म्हणजे नंतरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात, महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी राहिली. भावनगरच्या महाराजांनी पैसा दिला, प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी ती चालवली. तिथेही २० इंची दुर्बीण होती, त्या काळातली देशातली सर्वांत मोठी. मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाच्या उजेडाचा त्यांनी अभ्यास केला. २२ जानेवारी १८९८ ला खग्रास सूर्यग्रहण झालं तेव्हा सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला तळ ठोकून ग्रहणाचे फोटो घेतले. ते निवृत्त झाले आणि १९१२ मध्ये वेधशाळा बंद झाली. दुर्बीण दक्षिणेत कोडाईकनालला गेली.

शेजारच्या मराठवाड्यावर तेव्हा निजामाचं राज्य. त्याच्या हैदराबादच्या निजामिया वेधशाळेनं आभाळाचा नकाशा करण्याच्या जगभरच्या कामात एक पट्टा उचलला. काचेवरचे ठिपके मोजून मोजून साडेसात लाखांहून जास्त ताऱ्यांच्या जागा छापून काढल्या. म्हणजे हे काम आपल्यापासून फार लांब कुठे चाललं नव्हतं.

पण काच भरली म्हणजे काम संपलं नाही. तिथून तर खरं काम सुरू होतं. एका काचेवर हजारो ठिपके. त्यातला तारा कुठला, धुळीचा कण कुठला, काचेवरचा ओरखडा कुठला? मागच्या महिन्याच्या काचेपेक्षा आज काय बदललं? हे एकेक करून बघायचं. कंटाळवाणं, डोळे दुखवणारं, पण चूक चालणार नाही असं काम. असं काम जगात कुणाच्या वाट्याला येतं, हे तुम्हाला सांगायला नको.

रॉबर्ट्स यांच्या काचांचंही तेच झालं. पॅरिसच्या वेधशाळेत डोरोथिया क्लुम्पके नावाची गणितातली डॉक्टर बाई काचा मोजणाऱ्या बायकांच्या विभागाची प्रमुख होती. १९०१ मध्ये तिनं रॉबर्ट्स यांच्याशी लग्न केलं. १९०४ मध्ये ते वारले. त्यांच्या मागे उरलेल्या काचा घेऊन ती बसली. पंचवीस वर्षं त्यांची जुळवाजुळव केली आणि १९२९ मध्ये त्यांचा नकाशासंग्रह छापला. त्यावर नाव ठेवलं नवऱ्याचं.

मोलकरीण ते फोटोंची प्रमुख

आता ती मोलकरीण. विल्यमिना फ्लेमिंग. स्कॉटलंडची, १८५७ चा जन्म. तिथं ती शाळेत शिकवायची. लग्न करून नवऱ्याबरोबर अमेरिकेत बोस्टनला आली. पोटात मूल असताना नवरा सोडून गेला. परक्या देशात एकटी बाई. तिनं घरकाम धरलं. ज्या घरी लागली ते घर होतं हार्वर्ड वेधशाळेचे प्रमुख एडवर्ड पिकरिंग यांचं. असं सांगतात की पिकरिंग आपल्या पुरुष मदतनिसांच्या ढिसाळ कामावर वैतागून म्हणाले, यापेक्षा माझी कामवाली चांगलं करील. बोलले असोत वा नसोत, १८८१ पासून ती वेधशाळेत कायम झाली.

तिच्यामागून तिथं बायकांचा एक मोठा गटच उभा राहिला. लाकडी चौकटीत काच उभी धरायची, मागून उजेड सोडायचा, हातात भिंग घ्यायचं आणि वाचायचं. काचेवर सगळं उलटं असतं, आभाळ पांढरं आणि तारे काळे. जणू पांढऱ्या कपड्यावर सांडलेली मोहरी. हार्वर्डमध्ये अशा पाच लाखांहून जास्त काचा जमल्या. रात्री दुर्बिणीवर पुरुष असायचे. रात्रभर बाहेर राहणं बायकांना शोभत नाही, असं तेव्हा ठरलेलं होतं. रात्र पुरुषांची, आणि दिवसा बसून निवडणं बायकांचं.

विल्यमिनाबाईंनी दहा हजारांवर ताऱ्यांची प्रतवारी लावली. १८८८ मधल्या एका काचेवर त्यांना मृग नक्षत्रात एक काळी खाच दिसली. तोच आज जगभर प्रसिद्ध असलेला, घोड्याच्या डोक्यासारखा दिसणारा काळा ढग. पण काही वर्षांनी मोठी यादी छापली तेव्हा शोधाच्या पुढे नाव लागलं पिकरिंग यांचं. पुढे त्या वेधशाळेतल्या सगळ्या फोटोंच्या प्रमुख झाल्या. तरी १९०० सालच्या आपल्या डायरीत त्यांनी लिहून ठेवलंय की मला वर्षाला १५०० डॉलर मिळतात आणि इथल्या पुरुष मदतनिसांना २५००. एकटीनं मुलगा वाढवणारी बाई, घरखर्चाचा तोच हिशोब. तो हिशोब तिनं लिहून ठेवला म्हणून आज आपल्याला कळला.

त्याच गटात हेन्रिएटा लेव्हिट नावाची एक बाई होती. कानांनी कमी ऐकू यायचं. ताशी ३० सेंट मजुरी. तिच्याकडे काम होतं कमी-जास्त होणारे तारे शोधायचं. त्यांना आपण रूपविकारी तारे म्हणतो. आज तेजस्वी, काही दिवसांनी मंद, पुन्हा तेजस्वी. एका रात्रीची काच दुसऱ्या रात्रीच्या काचेवर ठेवून तिनं १९०८ पर्यंत असे १,७७७ तारे निवडले. त्यातल्या एका जातीचे २५ तारे घेऊन १९१२ मध्ये तिनं नियम मांडला. तारा जितका सावकाश कमी-जास्त होतो, तितका तो मुळात जास्त तेजस्वी असतो. म्हणजे लांबच्या ताऱ्याचं लुकलुकणं मोजलं की त्याचा खरा उजेड किती ते कळतं, आणि दिसतो किती यावरून तो किती लांब आहे तेही कळतं. दूरच्या शेतातला बल्ब शंभरचा आहे हे माहीत असेल, तर तो किती मंद दिसतो यावरून शेत किती लांब ते ताडता येईल, तसंच हे.

१९२३ च्या ऑक्टोबरात एडविन हबल यांनी देवयानीच्या फोटोत असा एक तारा पाहिला. आधी काचेवर 'नवा तारा' अशी खूण केली होती, ती खोडून 'रूपविकारी' असं लिहिलं. लेव्हिटबाईंचा नियम लावला आणि अंतर आलं लाखो प्रकाशवर्षं. एक प्रकाशवर्ष म्हणजे सुमारे साडेनऊ लाख कोटी किलोमीटर. एवढ्या अंतरावरचा तो ढग आपल्या आकाशगंगेतला नव्हताच. ती एक वेगळी दीर्घिका होती. एका लुकलुकत्या ठिपक्यानं विश्व केवढं मोठं आहे ते दाखवलं. पण लेव्हिटबाई हे बघायला नव्हत्या. १९२१ मध्येच त्या गेल्या. १९२५ मध्ये स्वीडनच्या एका गणितज्ञाला नोबेल पारितोषिकासाठी त्यांचं नाव सुचवायचं होतं. त्या हयात नाहीत, हे त्याला माहीतच नव्हतं.

रात्रीवरचा हक्क मिळायला अजून वेळ लागला. अमेरिकेतल्या पालोमारच्या मोठ्या दुर्बिणीवर व्हेरा रुबिन यांना रीतसर परवानगी मिळाली ती १९६५ मध्ये. नकाराचं एक कारण सांगितलं जायचं, तिथं बायकांसाठी संडास नाही. आपल्याला हे कारण फार ओळखीचं आहे. रुबिनबाईंनी कागदाचा घागरा कापला आणि संडासाच्या दारावरच्या पुरुषाच्या चित्राला चिकटवला. म्हणाल्या, झाला बायकांचा. याच बाईंनी केंट फोर्ड यांच्यासोबत १९७० मध्ये देवयानी कशी फिरते ते मोजलं. कडेचे तारेही वेगानं फिरत होते. म्हणजे फोटोत जेवढं दिसतं त्यापेक्षा तिथं खूप जास्त काही आहे. न दिसणाऱ्या पदार्थाचा तो मोठा पुरावा ठरला.

आजचं निवडणं-पाखडणं

आता काचा गेल्या, कॅमेऱ्यात चिप आली. पण निवडणं तेच आहे. आज देवयानीचा फोटो कसा तयार करतात, ते स्वयंपाकाच्या कृतीसारखं सांगते.

एक लांब फोटो घेत नाहीत. दोन-तीन मिनिटांचे पुष्कळ फोटो घेतात, पन्नास, शंभर. पृथ्वी फिरते म्हणून दुर्बीणही सावकाश फिरती ठेवावी लागते, नाहीतर ताऱ्यांच्या रेघा होतात. प्रत्येक फोटोत देवयानी अगदी फिकट, आणि सगळीकडे बारीक कचकच, भरड रव्यासारखी. मग संगणकावर सगळे फोटो तारे जुळवून एकावर एक रचतात. देवयानी प्रत्येक फोटोत त्याच जागी असते, म्हणून ती पक्की होत जाते. कचकच दर वेळी वेगळ्या जागी असते, म्हणून ती विरून जाते. भजनात वीस बायका एक सूर लावतात, खोकला मात्र प्रत्येकीला वेगळ्या वेळी येतो. सूर वाढतो, खोकला हरवतो. हिशोबही ठरलेला आहे. १६ फोटो रचले की चित्र चौपट साफ होतं, १०० रचले की दहापट. एखाद्या फोटोतून विमान गेलं असेल तर बाकीच्यांत ते नसतं, त्यामुळे संगणक ती रेघ गाळून टाकतो. बचत गटासारखंच आहे हे. एकीचे शंभर रुपये थोडेच, पण सगळ्यांचे मिळून कर्ज देण्याइतके होतात.

कचरा काढायला आणखी दोन प्रकारचे फोटो लागतात. एक, दुर्बिणीला झाकण लावून, तेवढ्याच वेळाचे. त्यात फक्त कॅमेऱ्याचे स्वतःचे डाग येतात, ते वजा करायचे. जसं आधी रिकाम्या डब्याचं वजन करतो आणि मग तुपाचं. दुसरे, दुर्बिणीच्या तोंडावर पांढरं स्वच्छ कापड ताणून, एकसारख्या उजेडात घेतलेले. त्यात भिंगावरची धूळ आणि कडेचा अंधार दिसतो, तो भागून काढायचा.

एवढं झालं तरी चित्र जवळजवळ काळंच दिसतं. फिकट उजेड अंधारात दबलेला असतो, तो हळूहळू वर खेचावा लागतो. देवयानीसारख्या तेजस्वी दीर्घिकेची अडचण इथेच येते. तिचा मधला भाग फार तेजस्वी, कडेचे वळसे फार फिकट. वळसे दिसावेत म्हणून उजेड वाढवला की मध्य पांढरा फटक होतो, त्यातलं काहीच उरत नाही. मध्य सांभाळला की वळसे जातात. मग काय करायचं? मध्यासाठी थोड्या सेकंदांचे वेगळे फोटो घ्यायचे, वळशांसाठी मोठे घ्यायचे, आणि दोन्ही जोडायचे. आणि उजेड एकदम वाढवायचा नाही. कणीक मळताना पाणी एकदम ओतत नाही, तसं थोडं थोडं, बघत बघत. नवशिका माणूस मागचं आभाळ काळं कुळकुळीत करायला जातो आणि त्यात फिकट वळशांची टोकं कापली जातात. कोंडा उडवताना दाणेही उडाले, असं होतं.

शेवटची गोष्ट सचोटीची. जे फोटोत आलं आहे ते वर काढायचं. जे आलेलं नाही ते आपल्या मनानं घालायचं नाही. मोबाईलवर चेहरा गोरा करतात तसं इथं चालत नाही. रंग थोडा उठून दिसेल एवढा वाढवतात, पण निळ्याच्या जागी हिरवा आणत नाहीत. विल्यमिनाबाईंनी काचेवरचा ओरखडा तारा म्हणून लिहिला असता तर सगळी यादी फुकट गेली असती. नियम तेव्हाही हाच होता.

दुर्बीण नसली तरी

हे शिकायला मोठी शाळा लागते का? २००७ मध्ये परदेशातल्या शास्त्रज्ञांनी लाखो दीर्घिकांचे फोटो लोकांसमोर ठेवले आणि म्हणाले, आकार ओळखायला मदत करा. नेदरलँड्समधल्या हॅनी व्हॅन आर्केल या शाळेतल्या बाईंना एका दीर्घिकेजवळ एक विचित्र डाग दिसला. कुणीच तो आधी पाहिला नव्हता. आज तो त्यांच्याच नावानं ओळखला जातो. या वेळी नाव बाईचं लागलं, हे लक्षात घ्या.

आपल्या पुण्यात १९४४ पासून ज्योतिर्विद्या परिसंस्था हौशी लोकांना आभाळ बघायला शिकवते आहे. २०२१ मध्ये पुण्यातल्या सोळा वर्षांच्या एका मुलानं पन्नास हजारांवर फोटो एकत्र करून चंद्राचं एक चित्र बनवलं. ते देशभर गाजलं. बरंचसं तो इंटरनेटवरून शिकला होता. २०१५ मध्ये सोडलेल्या ॲस्ट्रोसॅट या आपल्या उपग्रहावरच्या दुर्बिणीनं देवयानीचे डोळ्याला न दिसणाऱ्या अतिनील उजेडातले फोटो घेतले आहेत. हबल दुर्बिणीचे कच्चे फोटोही सगळ्यांसाठी फुकट खुले आहेत. ते रचून, साफ करून, वर काढायला सिरिलसारखी मोफत सॉफ्टवेअर आहेत. गावच्या शाळेतल्या संगणकावर एखादी नववी-दहावीची मुलगी ती शिकू शकते. पुढे हीच विद्या डॉक्टरांच्या एक्स-रेला लागते, उपग्रहाच्या फोटोवरून पीक-पाणी ओळखायला लागते. आभाळापाशी सुरू झालेली विद्या शिवारापर्यंत येते.

आणि आपल्याकडे एक संपत्ती आहे, जी पुण्या-मुंबईकडे उरलेली नाही. अंधार. शहराच्या दिव्यांनी तिथलं आभाळ राखाडी झालंय, देवयानी तिथं दिसतच नाही. जिजाऊंच्या सिंदखेडराजाकडे, लोणारकडे, गावापासून थोडं बाजूला गेलं की अजून काळं आभाळ मिळतं. पण त्या अंधारात आपली मुलगी उभी राहू शकते का? मोटर सुरू करायला रात्रीच्या लाईटीला बाई शेतात जाते तेव्हा कुणी अडवत नाही. तारे बघायला मुलगी गच्चीवर गेली तर मात्र हाक येते, "अगं, खाली ये." हार्वर्डच्या बायकांनाही रात्र नाकारली होती.

म्हणून गटाला दोन गोष्टी सुचवते. दिवाळी झाल्यावर, कार्तिकातल्या अमावस्येच्या आसपास, गटातल्या सगळ्या जणी मुलींना घेऊन एका रात्री एकत्र बाहेर पडा. रात्री नऊच्या सुमारास उत्तरेला तोंड करा. साधारण अर्ध्या उंचीवर इंग्रजी 'एम' अक्षरासारखे पाच तारे दिसतील, ती शर्मिष्ठा. मान अगदी वर करा, डोक्याजवळ चार ताऱ्यांचा मोठा चौकोन दिसेल, तो भाद्रपदांचा. या दोघींच्या मधल्या जागेत सावकाश शोधा. मोबाईल बंद ठेवा, डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस मिनिटं द्या. सरळ रोखून बघू नका, किंचित बाजूला बघा, मग तो पुसट डाग दिसेल. साधी हातातली दुर्बीण असली तर आणखी छान.

दुसरी गोष्ट नोंदवहीची. त्या रात्री कुणी काय पाहिलं ते लिहा, आणि पुढे प्रत्येकीचं नाव लिहा. पापडाचं काम असो, बियाणं निवडणं असो नाहीतर आभाळ बघणं असो, ज्या हातांनी काम केलं त्या हातांचं नाव वहीत आलं पाहिजे. विल्यमिनाबाईंची डायरी राहिली म्हणून त्यांचा पगार आपल्याला कळला. त्यांच्याबरोबर बसून काचा वाचणाऱ्या कितीतरी बायकांची साधी ओळखही आपल्याला नाही.

पुढच्या वेळी मोबाईलवर देवयानीचा तो सुंदर फोटो आला, तर मुलींना एवढं नक्की सांगा, की हा नुसता काढलेला फोटो नाही, निवडून काढलेला आहे. आणि निवडणं आपल्याला येतं.

 आभाळ स्वच्छ असू द्या.